मुलाला ऑलिंपियाडच्या गणितवर्गात घालावं का? पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

वार्षिक परीक्षेचे निकाल लागले की पालकांचे फोन सुरू होतात. मूल पाचवी ते आठवीतलं असतं, गणितात भरघोस मार्क असतात, आणि शाळेतल्या बाईंनी ‘याला जरा पुढचं काहीतरी द्या’ असं सुचवलेलं असतं. घरात दोन मतं असतात. आईला वाटतं संधी दवडू नये, आजोबा म्हणतात, पोराला खेळू द्या. मी असे वर्ग घेतो, त्यामुळे माझं माप वर्गाच्या पारड्यात पडेल असं तुम्हाला वाटणं साहजिक आहे. पण माझ्याकडे विचारायला येणाऱ्या बऱ्याच जणांना मी ‘इतक्यात नको’ असंच सांगतो. का सांगतो, ते खाली आहे.

सगळे क्लास सारखेच ना? स्कॉलरशिप, फाउंडेशन, ऑलिंपियाड… फरक काय?

फरक मोठा आहे, आणि निम्मे गोंधळ इथेच होतात.

स्कॉलरशिपचा क्लास म्हणजे महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी. ही परीक्षा पूर्वी चौथी-सातवीला असायची, २०१६-१७ मध्ये ती पाचवी-आठवीला नेली होती. अभ्यासक्रम शाळेचाच, प्रश्न जरा वळवून विचारलेले, आणि वेळेत उरकण्याचा सराव भरपूर.

फाउंडेशन म्हणजे आयआयटीच्या जेईईची लांबून केलेली तयारी. इथे मूल आठवीत असताना नववी-दहावीचं गणित आणि विज्ञान शिकवतात. गणित तेच, पण लवकर.

तिसरा प्रकार ऑलिंपियाडचा. इथे धडे पुढे सरकतच नाहीत, उलट खाली उतरतात. शाळेत सहावीचं मूल ६० चे मूळ अवयव पाडायला शिकतं आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतं. ऑलिंपियाडच्या वर्गात तेच मूळ अवयव घेऊन विचारतात: १ पासून ५० पर्यंतच्या सगळ्या संख्यांचा गुणाकार केला, तर उत्तराच्या शेवटी किती शून्यं येतील? गुणाकार करत बसणं शक्य नाही. शून्य कुठून येतं, हे शोधावं लागतं. ते २ आणि ५ च्या जोडीतून येतं, २ मुबलक आहेत, म्हणून फक्त ५ मोजायचे. पाचाच्या पटीतल्या संख्या आहेत दहा, शिवाय २५ आणि ५० मधून एकेक पाच जास्तीचा, म्हणजे बारा शून्यं. यात सहावीच्या पुस्तकाबाहेरचं काहीही नाही.

या पानावरचे प्रश्न मुख्यतः तिसऱ्या प्रकाराबद्दल आहेत. सावध राहा, कारण पाटीवर ‘ऑलिंपियाड’ लिहून आत फाउंडेशन शिकवणारेही आहेत. शिवाय खासगी कंपन्या शाळांमधून ‘ऑलिंपियाड’ नावाच्या बहुपर्यायी परीक्षा घेतात आणि पदकं वाटतात, त्यांचा आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडच्या निवडीशी काही संबंध नाही. त्या वाईट आहेत असं नाही, पण तिथलं सुवर्णपदक पाहून या वर्गाचा निर्णय घेऊ नका.

शाळेत १०० पैकी ९८ पडतात. एवढं पुरेसं नाही का?

नाही. ९८ मार्क सांगतात की शाळेनं शिकवलेलं मुलाला येतं. त्यापुढे काय, याबद्दल तो कागद गप्प आहे. वर्गात ९५ च्या वर असलेली आठ मुलं घ्या. त्यातल्या एकाची उडी त्या पेपरच्या कितीतरी वर असेल, दुसऱ्यानं तीच प्रश्नपेढी चारदा सोडवलेली असेल. पेपर सोपा असला की दोघं एकाच रांगेत उभे दिसतात.

यावर एक जुना उपाय आहे. १९७१ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ज्युलियन स्टॅन्ली यांनी गणितात असाधारण असलेली मुलं शोधण्याचं काम सुरू केलं, तेव्हा त्यांनी बारा-तेरा वर्षांच्या मुलांना कॉलेज प्रवेशासाठीच्या परीक्षेचा गणिताचा पेपर दिला. वरच्या इयत्तेचा पेपर दिला की वरची मुलं पसरतात, कोण कुठे आहे ते दिसतं.

घरी हे फुकटात जमतं. बालभारतीची सगळी पाठ्यपुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर उतरवून घेता येतात. सहावीच्या मुलाला आठवीच्या पुस्तकातलं एखादं प्रकरण द्या आणि बाजूला बसा, शिकवू मात्र नका. सोडवलेली उदाहरणं वाचून स्वतः सरावसंचाकडे जातो का, ते पाहा. किती बरोबर आली, हे दुय्यम आहे.

मग घरी नेमकं काय पाहायचं?

मूल अडल्यावर काय करतं, ते. माझ्या मते या सगळ्या प्रश्नाचं मर्म एवढंच आहे, म्हणून इथे थोडा वेळ घेतो.

यासाठी एक खेळ सुचवतो, आणि तो आपल्याच मातीतला आहे. नाशिकजवळ देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी १९४९ मध्ये एक गंमत शोधली. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लिहा, मग चढत्या क्रमानं, आणि मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आता ६१७४ वर तेच करून पाहा: ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथेच येऊन अडकता.

हे मुलाला दाखवा आणि मग तुम्ही स्वयंपाकघरात जा.

काही मुलं दोन संख्या करून ‘हो, आलं’ म्हणतात आणि उठतात. हरकत नाही. काही मुलं वहीची चार पानं भरतात, कारण न येणारी एखादी संख्या सापडेल अशी त्यांना आशा असते. ही मुलं लक्षात ठेवा. काही थोड्या वेळानं विचारत येतात, ‘तीन अंकी घेतली तर?’ तुम्ही उत्तर द्यायचं नाही, ‘करून बघ’ एवढंच म्हणायचं. तीन अंकी घेतली की ४९५ वर येऊन थांबतं. दोन अंकी घेतली तर थांबतच नाही, ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९ असं गोल फिरत राहतं. इथे वैतागणारं मूल वेगळं आणि ‘अरेच्चा, हे का?’ म्हणणारं वेगळं.

क्वचित एखादी मुलगी सांगते की तीन अंकीत वजाबाकी केली की मधला अंक दर वेळी ९ येतो. तिला कारण सांगता आलं नाही तरी चालेल. तिनं कुणी न विचारता ते पाहिलं, आणि पाहिल्यावर ‘दर वेळी’ हा शब्द वापरला. मला अशी मुलं वर्गात हवी असतात. कारण शोधायला मी मदत करीन: मधल्या अंकातून तोच अंक वजा होतो, पण एककासाठी हातचा आधीच गेलेला असतो. पाहण्याची सवय मात्र मी कुणाला चटकन देऊ शकत नाही.

आणखी एक खूण. अवघड गणित दिल्यावर तुम्ही ‘क्लू देऊ?’ असं विचारता तेव्हा मूल काय म्हणतं? ‘सांगा ना’ म्हणणं अगदी नैसर्गिक आहे. पण ‘नको, सांगू नका, उद्यापर्यंत थांबा’ असं म्हणणारं मूल या वर्गात रमतं, मग त्याला शाळेत ८२ का पडत असेनात.

अबॅकसच्या सगळ्या लेव्हल झाल्यात, वैदिक गणितही येतं. ते धरतात का?

धरत नाहीत. हिशेबाचा वेग हे चांगलं कौशल्य आहे, पण वेगळं कौशल्य आहे. आपल्याकडच्या जुन्या पिढीला पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी तोंडपाठ असायची, आणि भाजीवाल्यासमोर ती लोकं आजही कॅल्क्युलेटरला हरवतात. म्हणून ती सगळी सिद्धता लिहू शकत होती असं नाही.

उलटी बाजूही सांगतो. पाढे कच्चे असतील तर ऑलिंपियाडच्या वर्गात त्रास होतोच. विचार रंगात आलेला असताना १७ × ८ पाशी अडलं की धागा तुटतो. तेव्हा तीसपर्यंत पाढे पक्के असावेत, आणि त्यासाठी कुठल्याही लेव्हलची गरज नाही.

आमचा मुलगा बरोबर सोडवतो, पण फार वेळ लावतो. शाळेत पेपर पुरा होत नाही. त्याला झेपेल का?

झेपण्याची शक्यता चांगली आहे. आकडे पाहा. शिष्यवृत्तीच्या एका पेपरात दीड तासात ७५ प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला १ मिनिट १२ सेकंद. ऑलिंपियाडच्या पहिल्या पायरीला, आयओक्यूएम या पात्रता परीक्षेला, तीन तासांत ३० प्रश्न, म्हणजे सहा मिनिटांना एक. पुढच्या पायरीला, आरएमओ या प्रादेशिक फेरीला, तीन तासांत सहा, म्हणजे अर्ध्या तासाला एक. आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धेत दोन दिवस, रोज साडेचार तास, रोज तीन प्रश्न. एका प्रश्नाला दीड तास! जसजसं वर जावं तसतसं घड्याळ सैल होतं. शाळेत ‘मठ्ठ नाही, पण संथ आहे’ असा शेरा घेऊन आलेली मुलं या वर्गात अचानक खुलताना मी पाहिली आहेत. पहिल्या पायरीला थोडा वेग लागतो, तेवढा सरावानं येतो.

एक अपवाद. वेळ विचारात जातोय की आकडे वाचण्या-लिहिण्यात, हे नीट पाहा. आकडे उलटे लिहिले जातात, ओळ सुटते, वहीवरची गणितं चुकतात पण तोंडी तीच बरोबर येतात, असं होत असेल तर क्लासआधी अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. अशी मुलंही गणितात उत्तम असू शकतात, फक्त त्यांना शिकवण्याची आणि परीक्षेची पद्धत बदलावी लागते.

प्रवेश चाचणीत तिची निवड झाली नाही. म्हणजे तिच्यात ते नाहीच?

चाचणी एका दुपारची असते. त्या दुपारी ताप असतो, भीती असते, किंवा नुसतं अशा प्रश्नांचं तोंडच पाहिलेलं नसतं. तिसरं कारण सर्वात जास्त वेळा असतं.

इराणी गणितज्ञ मरियम मिर्झाखानी यांनी स्वतः सांगितलं होतं की तेहरानला माध्यमिक शाळेच्या पहिल्या वर्षी त्यांचं गणित चांगलं नव्हतं, आणि शिक्षिकेलाही त्यांच्यात फार काही दिसलं नव्हतं. पुढे त्यांनी १९९४ आणि १९९५ अशी लागोपाठ दोन वर्षं आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये सुवर्णपदक मिळवलं, दुसऱ्या वर्षी तर ४२ पैकी ४२ गुण, आणि २०१४ मध्ये फील्ड्स पदक हा गणितातला सर्वोच्च मानला जाणारा सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. प्रत्येक नापास मुलीत मिर्झाखानी दडलेली असते असं मी म्हणत नाही. पण एका शिक्षकाचं एका वर्षाचं मत किती कच्चं असू शकतं, हे यातून कळतं, आणि त्या शिक्षकांत मीही आलो.

चाचणीची उत्तरपत्रिका पाहायला मिळत असेल तर मागा. कोरं सोडलंय की काहीतरी करून पाहिलंय? खोडलेल्या तीन वाटा असलेली चुकीची उत्तरपत्रिका मला कोऱ्या पानापेक्षा, आणि खरं तर नुसत्या बरोबर उत्तरापेक्षाही, जास्त सांगते. सहा महिने घरी असे प्रश्न हाताळू द्या आणि पुन्हा बसवा.

शाळेत ती पहिली असते. या वर्गात मागे पडली तर खचेल का?

ही भीती खरी आहे. हर्बर्ट मार्श या मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकापासून यावर पुष्कळ काम केलं. तेवढ्याच कुवतीचं मूल हुशारांच्या वर्गात बसलं की स्वतःला कमी लेखू लागतं, असं त्यांना दिसून आलं. आपल्याकडे ‘वासरांत लंगडी गाय शहाणी’ म्हणतात, त्याचीच ही दुसरी बाजू: गाय धडधाकट असली तरी गाईंच्या कळपात गेल्यावर तिला आपण लंगडे आहोत असं वाटू लागतं.

मग काय करायचं? वर्ग निवडताना दोन गोष्टी विचारा. तिथे दर आठवड्याला गुणांची यादी लावतात का? लावत असतील तर दहा-अकरा वर्षांच्या मुलीसाठी तो वर्ग नको. आणि मुलांनी चुकीची वाट फळ्यावर मांडली तर शिक्षक काय करतात? एक तास मागे बसून पाहण्याची परवानगी मागा. जे नाही म्हणतील त्यांना नमस्कार करून बाहेर या.

घरी तुम्ही काय बोलता, तेही मोजलं जातं. ‘तू तर हुशारच आहेस’ हे वाक्य पहिल्या अपयशापर्यंतच पुरतं. त्याऐवजी ‘आज कशावर अडलात?’ असं विचारा. मुलीनं ‘कशावरच नाही’ असं महिनाभर सांगितलं तर वर्ग तिच्यासाठी सोपा आहे, आणि ‘सगळ्यावरच’ असं महिनाभर सांगितलं तर अवघड.

त्याला जायचं नाही, पण आम्हाला वाटतं की त्याच्यात क्षमता आहे.

मग नका पाठवू. शाळेचं गणित सक्तीनं शिकवता येतं, ते शिकवावंही लागतं. अडलेल्या प्रश्नाशी तासभर झुंजणं सक्तीनं होत नाही. दोन-तीन वेळा नेऊन बसवा, तरीही नको म्हणत असेल तर विषय संपला. तबला असेल, क्रिकेट असेल, नुसतं वाचन असेल, त्यालाही क्षमताच लागते.

सुरुवात कोणत्या इयत्तेत करावी? शेजारचे म्हणतात, आठवीत उशीर होतो.

आयओक्यूएमला आठवीपासून बसता येतं, त्यामुळे काही क्लासवाले चौथीपासून ‘तयारी’ विकतात. माझ्या मते पाचवीपर्यंत कोडी, पत्ते, बुद्धिबळ, मोजपट्टी आणि स्वयंपाकघरातली मापं एवढं भरपूर आहे. पद्धतशीर वर्ग सहावी-सातवीत, आठवड्यातून दोन-तीन तास. आठवी-नववीत सुरू करणाऱ्यांचंही काही बिघडत नाही, फक्त त्यांना भूमितीवर जास्त मेहनत घ्यावी लागते.

फाउंडेशनबद्दल एक माहिती बहुतेक पालकांना नसते. केंद्रीय शिक्षण मंत्रालयानं जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग सेंटरसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात १६ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नये, दहावीची परीक्षा झाल्यावरच द्यावा, असं म्हटलं आहे. पन्नासपेक्षा जास्त विद्यार्थी असलेल्या केंद्रांसाठी त्या आहेत, आणि अंमलबजावणी राज्यांच्या हाती आहे. तुमच्या चौकातल्या फ्लेक्सवर तरीही ‘सहावीपासून प्रवेश सुरू’ लिहिलेलं दिसेलच. आठवड्याला पंधरा तास क्लास आणि वर शाळा, असं वेळापत्रक बारा वर्षांच्या मुलाला दिलं तर गणिताची आवड शाबूत राहील, ही अपेक्षा कुणी ठेवू नये.

वर्गात बहुतेक मुलगेच दिसतात. मुलीला एकटं वाटेल का?

पहिल्या दिवशी वाटतंच. सहावीत मुली साधारण बरोबरीनं येतात, नववीपर्यंत कमी होत जातात. कुवत कमी होते म्हणून नव्हे. क्लास संध्याकाळी उशिरा सुटतो, घर लांब असतं, आणि त्याच वेळी भावाच्या क्लासलाही कुणालातरी सोडायचं असतं. यातला पहिला अडथळा वर्ग चालवणाऱ्यांनी दूर करायला हवा, वेळ बदलून. वर्गात आणखी निदान दोन मुली असतील अशी बॅच मागून घ्या, यात संकोच कसला?

मोठ्या मुलींसाठी एक दार स्वतंत्र आहे. २०१२ पासून युरोपियन गर्ल्स मॅथेमॅटिकल ऑलिंपियाड भरतं, आणि तिथे भारताचा चार मुलींचा संघ जातो.

आम्ही मराठी माध्यमातले. भाषेमुळे मागे पडेल का?

सुरुवातीला थोडं. मसावि, लसावि, मूळ संख्या, एकरूप त्रिकोण हे सगळं त्याला नीट येत असतं, फक्त समोरचा माणूस इंग्रजीत बोलत असतो. शब्दांची एक यादी करून भिंतीवर लावली की दोन-तीन महिन्यांत प्रश्न सुटतो. सेमी-इंग्रजीतल्या मुलांना तर तेवढाही त्रास होत नाही. सिद्धता मात्र मुलाला आधी मराठीत सांगू द्या. ‘कारण’, ‘म्हणून’, ‘समजा तसं नसेल तर’ हे तीन सांधे ज्याला मातृभाषेत पक्के जमतात, त्याला ते इंग्रजीत लिहायला वेळ लागत नाही.

आमच्या गावात असा वर्गच नाही.

पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान आहे, जे गणितज्ञ श्रीराम अभ्यंकर यांनी १९७६ मध्ये सुरू केलं आणि जिथे ऑलिंपियाडचं प्रशिक्षण वर्षानुवर्षं चालत आलं आहे. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, देशातल्या ऑलिंपियाड कार्यक्रमाचं ते मुख्य ठिकाण. पण परभणी किंवा चिपळूणच्या सातवीतल्या मुलाला याचा रोजचा उपयोग काय, हा प्रश्न रास्त आहे.

होमी भाभा केंद्राच्या संकेतस्थळावर मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका मोफत आहेत. त्यातले आयओक्यूएमचे सुरुवातीचे, कमी गुणांचे प्रश्न आठवीच्या मुलाला हाताळता येतात. दर रविवारी तीन-चार मुलं एका घरी जमवा, फळा नसला तर फरशीवर खडू चालतो. आठवड्याला दोन प्रश्न पुष्कळ झाले. मोठ्या माणसाला उत्तर येत नसलं तरी बिघडत नाही, किंबहुना ते बरंच, कारण मग मुलांना ‘तू हे कशावरून म्हणतोस?’ असं खरोखरच विचारलं जातं. कापरेकरांकडे तरी काय होतं? बीएस्सीची पदवी, शाळेतली नोकरी आणि संख्यांचा नाद.

मुलगी सीबीएसईला आहे. नववी-दहावीत ‘स्टँडर्ड’ घ्यायचं की ‘बेसिक’?

तो निर्णय वेगळा आणि सोपा आहे. दोन्हींचा अभ्यासक्रम आणि पुस्तक एकच, फक्त दहावीच्या बोर्डाचा पेपर कमी-जास्त कठीण. २०२० च्या परीक्षेपासून ही सोय आहे. अकरावीला गणित घेण्याचा जरासा जरी विचार असेल तर स्टँडर्ड.

आम्ही अमेरिकेत आहोत. शाळा विचारते, मुलाला सहावीत ‘अ‍ॅडव्हान्स्ड मॅथ’ला घालायचं का?

तुमच्याकडचा प्रश्न वेगाचा आहे, वर सांगितलेल्या खोलीचा नाही. तिथे अल्जेब्रा-वन साधारणपणे नववीत असतं. बारावीला कॅल्क्युलस हवं असेल तर अल्जेब्रा-वन आठवीतच व्हावं लागतं, आणि त्याची पायाभरणी सहावीत होते. म्हणून सहावीतला निर्णय जड वाटतो. राज्याराज्यांत याचे नियमही निरनिराळे आहेत. टेक्सासमध्ये २०२३ च्या कायद्यानं पाचवीच्या राज्य परीक्षेत वरच्या ४० टक्क्यांत आलेलं मूल आपोआप सहावीच्या अ‍ॅडव्हान्स्ड गणितात जातं, आणि नको असेल तर पालकांना तसं कळवावं लागतं. सॅन फ्रान्सिस्कोनं २०१४ मध्ये आठवीतलं अल्जेब्राच काढून टाकलं होतं, मार्च २०२४ मध्ये मतदारांनी ते परत आणा असा कौल दिला.

माझा सल्ला दोन ओळींचा. अपूर्णांक आणि गुणोत्तर पक्कं असेल तर घाला, कारण अल्जेब्रात पाय घसरतो तो बहुतेक वेळा तिथेच. आणि रविवारच्या मराठी मंडळात तीन घरांनी मुलांना तिथे घातलं, हे कारण धरू नका.

एवढं करून ऑलिंपियाडमध्ये निवड झाली नाही तर वर्षं वाया गेली का?

आंतरराष्ट्रीय संघात साऱ्या देशातून सहा जण जातात. भारत १९८९ पासून या स्पर्धेत आहे, १९९६ साली तर ती मुंबईतच भरली होती, आणि २०२४ मध्ये आपल्या संघानं चार सुवर्णपदकं आणली. पण वर्गाचं माप त्या सहा जणांनी काढायचं तर सगळेच वर्ग बंद करावे लागतील. आमच्याकडून गेलेली बहुतेक मुलं इंजिनिअर झाली, काही डॉक्टर, एक जण वकील. आयएनएमओ या राष्ट्रीय फेरीपर्यंत पोहोचून तिथे गुणवत्ता मिळवणाऱ्यांना भारतीय सांख्यिकी संस्थेसारख्या ठिकाणी प्रवेशात लेखी परीक्षेतून सूट मिळत आली आहे, हा त्यातल्या त्यात व्यवहारी फायदा. तो मनात ठेवून सहावीच्या मुलाला वर्गात घालणं मात्र मला पटत नाही.

घातलं. आता बरोबर निर्णय झाला की नाही, हे कधी कळेल?

तीन महिने द्या. पहिला महिना सगळ्यांचाच वाईट जातो, त्यावरून काही ठरवू नका. नंतर हे पाहा: वर्गातला एखादा प्रश्न जेवताना, गाडीत, आंघोळीनंतर अचानक निघतो का? शाळेच्या गणितात ‘पण असं का?’ विचारू लागलाय का? की वर्गाच्या दिवशी पोट दुखतं, गृहपाठ मित्राच्या वहीतून उतरतो, आणि शाळेत आवडणारं गणितही नकोसं झालंय? पोटदुखी दोन-तीन आठवडे टिकली तर फीचा हप्ता भरलाय म्हणून ओढत नेऊ नका. भरलेले पैसे तसेही परत येत नाहीत. शक्यतो एका वेळी एकाच सत्राची फी भरा, वर्षभराची एकदम मागणाऱ्यांशी घासाघीस करा.

वर्ग सोडायचा ठरला तर मुलाला स्वतः येऊन सरांना सांगू द्या. ‘मला नाही आवडलं’ एवढं पुरतं. वर्षभरानं पुन्हा यावंसं वाटलं तर येता येतं, माझ्याकडे अशी मुलं परत आलेली आहेत आणि त्यांना वेगळी चाचणी द्यावी लागत नाही.